डाळ मिलच्या पाळ्या आणि लेकीची सुट्टी

परवा रविवारी डाळ मिलचं शटर उघडायच्या आत कमलबाई तुरीची पोती घेऊन दारात उभ्या. वडनेर भोलजीहून, भाड्याच्या ऑटोने... आणि पाळी त्यांची नव्हतीच.

"काऊन वो बाई, माह्या मोबाइलात तं आज माहीच पाळी दिसून राह्यली!" त्यांनी फोन माझ्या नाकासमोर धरला. खरंच दिसत होती.

झालं असं, की शनिवारी लाइन, म्हणजे वीज, नव्हती. मी सगळ्यांच्या पाळ्या एक दिवस पुढे ढकलल्या. माझ्या फोनवर बदललं, त्यांच्या फोनपर्यंत ते पोचलंच नव्हतं.

मिल आमच्या बचत गटाची, पाळ्या लावायचं काम माझ्याकडे. पाळ्यांचं कॅलेंडर ज्या सॉफ्टवेअरवर चालतं, ते माझी लेक पल्लवी आणि तिची मैत्रीण पुण्यात नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी करतात. ओपन सोर्स आहे... म्हणजे फुकट, आणि आतलं काम कोणीही उघडून पाहावं, पुढे न्यावं असं. आधी बरेच जण होते, आता या दोघीच.

कॅलेंडर सगळ्यांना द्यायचं कसं, यावर त्यांचं कधीचं चाललं होतं. एक रीत सोपी. एक लिंक द्यायची, फोन ती अधूनमधून स्वतःच उघडून पाहतो. त्यात फक्त बघता येतं, आणि तेही फोन बघेल तेव्हाच.

दुसरी कॅलडॅव नावाची. कोणीही आपल्या फोनवरून बदलावं आणि ते सगळीकडे उमटावं. पण प्रत्येक फोनची खोड वेगळी, आणि दोघींनी एकच पाळी बदलली तर खरी कोणाची... हे सगळं कायम सांभाळत बसायचं. शाळा माझी सातवीत सुटली, पण पल्लवी पाठवते ते मी दोनदा वाचते, मग समजतं.

सध्या सोपी रीत लावली होती. म्हणून कमलबाई दारात.

"तुह्या पोरीच्या कॅलेंडरापेक्षा माह्या भिंतीवरचं बरं. ते खोटं तं नाही बोलत!" जमलेल्या गटातल्या बायका हसल्या. मीही हसले... आणि बाजूला जाऊन पल्लवीला फोन लावला.

"आई, मग दुसरीच रीत घेते," ती म्हणाली. "आखाजीला येत नाही, ती सुट्टी यातच घालते." आखाजी म्हणजे आमची अक्षय तृतीया, गेलेल्यांच्या नावाने घागर भरायचा सण.

"अन् मंग ते बिघडलं तं कोन पाहीन?"

"मी आहे ना."

आमचे हे असंच म्हणायचे. सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ह्यांच्या डोक्यात असायच्या. कोणी विचारलं की, "मी आहो ना." हे गेले, आणि दोन भावांनी एकाच दिवशी मोटर सुरू केली. भांडणात अख्खा उन्हाळा गेला.

"तू नसशीन तं दुसऱ्या कोनाले चालवता येईन, असंच ठेव," मी म्हटलं. लेकीला असं म्हणणं सोपं नाही. पण आमच्या घरात 'नसणं' हा शब्द आता कोणी टाळत नाही.

पल्लवीने विचारलं, "पण परत कोणी असं दारात येऊन उभं राहिलं तर?"

लाइटची वेळ बदलली की हे संध्याकाळी चप्पल घालून निघायचे, आणि ज्याची पाळी त्याला घरी जाऊन सांगून यायचे. मला तेच आठवलं. मी ते पल्लवीला सांगितलं, आणि ठरलं... सोपी लिंकच राहील. पाळी बदलली की मी स्वतः फोन करेन, आणि समोरून 'हाव' ऐकल्याशिवाय ठेवणार नाही.

इकडे ज्यांची पाळी होती त्या सुमनबाईंनी कमलबाईंची तूर आधी लावू दिली. "लावा तुमी, मले काय घाई नाही." जाताना कमलबाई मला म्हणाल्या, "पुढच्या टायमाले सांगजो वो बाई, मोबाइलाच्या भरोशावर नको राहू." सांगणार मोबाइलवरच, हे मी काही बोलले नाही.

काल लाइन पुन्हा गेली. फोन केले, सगळ्यांकडून हाव आलं.

आणि पल्लवी आखाजीला येतेय. ह्यांच्या नावाची घागर यंदा आम्ही दोघी मिळून भरू... सुमनबाई, कमलबाई, आणि पल्लवीची ती पुण्यातली मैत्रीण, तुम्हा सगळ्यांची मी ऋणी आहे.