बत्तीवाल्या पिच्चरचा शेवट

खापरच्या बाजारात नवनीतभाऊ पाटलांना लांबून येताना पाहिलं, की ओळखीची माणसं भाजीचा भाव विचारायला खाली वाकतात. कारण नवनीतभाऊ भेटले की एकच विचारतात, "तुम्ही बत्तीवाला पिच्चर पाहिला होता का हो?"

कोणीच पाहिलेला नसतो. तो मुळात कुठे चाललाच नाही. दीपस्तंभाची बत्ती सांभाळणारा एक सिद्दी जवान, आफ्रिकेतून आलेल्या खलाशांच्या वंशातला, काळाभोर. आणि बंदरावरच्या गोऱ्या साहेबाची मुलगी. दोघांचं प्रेम. काळ्यापांढऱ्या पडद्यावर त्याचे दात आणि तिचा फ्रॉक एवढंच लख्ख दिसायचं. शहरांत तो आठवडाभरात उतरला आणि उतरत उतरत नवलसिंगच्या तंबूत आला. नवलसिंगकडे फिरता सिनेमा होता आणि नवनीतभाऊ त्याचे ऑपरेटर.

चेतनाने, म्हणजे त्यांच्या मुलीने, सुरतेहून फोनवर पुष्कळ शोधलं. "बाबा, नाही सापडत. नाव तरी सांगा." नाव भाऊंनाही आठवेना. शेजारच्या दगूबाईने तर निकालच लावला. "भाऊ, असा पिच्चर व्हताच नही. तू सपनामा देखा व्हई."

स्वप्नात सोबत सुसाना असती तर भाऊंनी हेही कबूल केलं असतं. सुसाना, त्यांची बायको, जाऊन तीन वर्षं झाली. त्या पिच्चरबद्दल बोलायला घरात तेवढी एकच व्यक्ती होती. पंचेचाळीस वर्षं दोघं तो जेवताना बोलत, भांडण मिटवताना बोलत. ती चिंचपाड्याकडची, घरी मावची बोलणारी, रविवारी चर्चला जाणारी. हे शहाद्याकडचे गुजर, अहिराणीत वाढलेले. दोघांची सामाईक भाषा शाळेतली मराठी, त्यामुळे भांडणसुद्धा 'आपण कृपया गप्प बसावे' अशा थाटात व्हायचं.

आता भाऊंना दुसरं काही नको होतं. तो पिच्चर पाहिलेला एक माणूस हवा होता, जिवंत. एके दिवशी त्यांना सुसानाचा मोठा भाऊ योसेफ आठवला. तरुणपणी तो सुरतेला मिलमध्ये होता, पिच्चरचा शौकीन. बहीण पाटलाबरोबर पळाली तेव्हापासून त्याने भाऊंशी बोलणं टाकलं होतं. तिच्या मातीच्या दिवशी तेवढा हात जोडून गेला होता.

नंदुरबारला बस बदलून भाऊ चिंचपाड्याला पोचले. योसेफ अंगणात तूर पाखडत बसला होता. त्याने सूप खाली ठेवलं.

"बसा पाटील. कोण गेलं?"

"कोणी नाही. एक विचारायचं होतं. बत्तीवाला पिच्चर—"

"तो सिद्दीचा?" योसेफ म्हणाला. "दोनदा पाहिला."

भाऊ खाटेवर बसलेच. मग तासभर दोन म्हाताऱ्यांनी अंगणात पिच्चर चालवला. साहेबाचा कुत्रा, वादळातली होडी, तेल संपल्यावर त्या मुलीने बत्तीत ओतलेलं डोक्याचं तेल. गवती चहा दोनदा झाला. योसेफची सून प्रिस्किला दारात उभी राहून हसत होती.

"आणि शेवटी ती बोटीत बसून जाते," योसेफ म्हणाला. "मागे वळूनही बघत नाही."

भाऊ खाली बघू लागले. मग त्यांनी जन्मात कोणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली. नवापूरच्या खेळात बायकांच्या बाजूला सुसाना बसली होती. तंबूत मशीन एकच, दर रिळाला थांबायचं, दुसरं चढवायचं. भाऊंचं लक्ष तिच्याकडे. शेवटची दोन रिळं उलटीपालटी चढली. मुलगी आधी बोटीत बसून गेली आणि नंतर समुद्रकाठी त्याच्याबरोबर नाचली. लोकांना वाटलं, परत आली. टाळ्या पडल्या. नवलसिंग म्हणाला, आता असाच चालू दे. पुढच्या महिन्यात सुसाना पिशवी घेऊन तंबूपाशी आली आणि म्हणाली, "ती बोटीने परत आली. मी तर एस.टी.ने आले आहे."

"माझ्या चुकीवर संसार झाला, योसेफदादा. मी तिला कधी कळू दिलं नाही."

योसेफने तुरीतला खडा वेचून टाकला.

"तिला ठाऊक होतं. निघायच्या आधी मीच सांगितलं होतं. म्हटलं, तुझा ऑपरेटर लबाड आहे, खरी ती परत येतच नाही."

"मग?"

"म्हणाली, रीळ चुकलं असेल बिचाऱ्याचं. माझ्याकडे बघत होता."

पंचेचाळीस वर्षं भाऊ तिच्यापासून लपवत होते आणि ती, आपल्याला ठाऊक आहे हे, त्यांच्यापासून. शेवटाची गोष्ट निघाली की ती उठून भांडी आवरायला लागायची, ते आत्ता त्यांच्या ध्यानात आलं.

"कधी बोलली नाही?" योसेफने विचारलं.

"नाही."

"पुढच्या रविवारी या. ते होडीतलं गाणं राहिलंच."

भाऊ हो म्हणाले. फाट्यापर्यंत चालताना ते एकटेच हसत होते. केवढं बनवलं होतं बाईने. घरी गेल्या गेल्या तिला धारेवर धरायचं, असं त्यांनी ठरवलं. बस येऊन, खिडकीशी जागा मिळून, गाडी हलेपर्यंत ते ठरलेलंच होतं.