वात वळणारा दगड

खेडहून रत्नागिरीच्या हायस्कुलात मी नोकरीला आलो, तेव्हा शास्त्राचे शिक्षक अण्णा यांच्याशी माझी ओळख झाली ती जवळजवळ भांडणातच. कणकवलीकडे उचललेला एक तंतुमय दगड मी ऐटीत त्यांच्यापुढे ठेवला आणि “ॲस्बेस्टॉस!” म्हणून जाहीर केले. अण्णा हसले. “अहो मास्तर, दाढी आहे म्हणून बोकडाला ऋषी म्हणाल काय?” मला भारी राग आला. त्यांनी आत हाक मारली, “अगो, हा वळतो का बघतेस?”

त्यांच्या पत्नी, आम्हा सर्वांच्या काकू, बाहेर आल्या. त्यांनी दगड खलात हलकेच कुटला, सुटलेले तंतू बोटाला राख लावून तळहातावर वळू लागल्या. तंतू कडाकडा मोडले. “नाही हो, मोडतायत!” झाले, माझा ॲस्बेस्टॉस हॉर्नब्लेंडसारख्या ठिसूळ दगडांच्या कुळात जाऊन बसला.

या जिल्ह्यातले संगजिरे, अभ्रक आणि तंतुमय दगड गोळा करून त्यांची वर्गवारी लावणे हे अण्णांचे आयुष्यभराचे काम. हाताला साबणासारखे लागते ते संगजिरे, पापुद्रे सुटतात तो अभ्रक. एवढे शेंबड्या पोरालाही कळते. घोळ सारा तंतुमय दगडांचा. अण्णांनी व्याख्या केली: ज्याची वात वळते आणि ती समईत जळत नाही, तो खरा, मोडतो तो त्याचा भाऊबंद. विद्वानांनी नाके मुरडली, पण ही व्याख्या फसलेली मी पाहिली नाही. समईतले तेल संपे, वात तशीच राही. काकू म्हणत, “ही मेली आपल्याला पुरून उरणार!”

अण्णा सत्याला कठोर आणि माणसाला मऊ. मुंबईची नोकरी सोडून गावी खाण काढायला निघालेले एक गृहस्थ नमुना घेऊन आले. दगड ठिसूळ निघाला. अण्णांनी त्यांना आधी पोटभर जेवू घातले आणि मग सांगितले. “वाईट बातमी उपाशीपोटी देऊ नये,” ते नंतर मला म्हणाले. ते गृहस्थ तोंडाला येईल ते बोलून गेले. अण्णा ओटीवर उभे राहून “सांभाळून जा हो,” म्हणत होते.

“अण्णांच्या साठीचा गौरवग्रंथ आहे, आनंदाचे लिहा,” अशी संपादकांची ताकीद आहे. आनंद कुठून आणू? गेल्या थंडीत काकू गेल्या. डॉक्टरांनी दमा म्हटले. न निवडलेले दगड तेव्हापासून टोपलीत पडून आहेत. अण्णांच्या षष्ट्यब्दीला ही वर्गवारी पुरी करून याच ग्रंथात छापावी, अशी आम्हा सर्वांची इच्छा होती. मी जाऊन म्हटले, “आमच्या घरात वाती सुरेख वळतात. इथं येऊन वळायला सांगू का?”

अण्णा एकदम कडाडले. “खबरदार! कुटताना धूळ उडायची आणि ही खोकत बसायची. दमाच असेल, धुळीचंही निमित्त असेल. मला ठाऊक नाही, डॉक्टरांनाही नाही. पण दुसऱ्याची लक्ष्मी मी त्या खलापाशी बसवणार नाही.” मग आवाज खाली आला. “ती होती तेव्हा हे सुचलं नाही हो मला.”

मी ओशाळून उठणार, तोच त्यांनी टोपलीतला एक दगड घेऊन स्वतःच कुटला आणि बोटाला राख लावून वळू लागले. वात मोडली. दुसऱ्या दगडाची घेतली, तीही मोडली. ते तळहाताकडे पाहत राहिले. “दगड ठिसूळ, की माझे हात? सांगा ना मास्तर, कसं ठरवू?”

वर्गवारी अपुरीच राहिली. ती या ग्रंथात नाही, वाचकांनी राग मानू नये.

अण्णांना साठ पुरी झाली. परमेश्वराने त्यांना उदंड आयुष्य द्यावे, छाती निकोप ठेवावी. हे आयुष्य त्यांना एकट्याने काढायचे आहे, हे दिसत असूनही मी ते मागतो आहे. क्षमा करा, अण्णा. आम्हाला तुम्ही हवे आहात.