ओरड, पण रडू नको

“ओरड, पण रडू नको,” असं हळूच बजावून गुरुजी छडी उगारायचे. तुम्ही म्हणाल, हा कसला मास्तर? मीही तेच म्हणालो होतो.

बहात्तरच्या दुष्काळात खर्ड्याजवळच्या त्या गावात मी पत्रकं वाटत गेलो. मुलांना मारू नका! माराने मूल तेवढ्यापुरतं ऐकतं, मनातून धास्तावतं आणि पुढे स्वतःच हात उगारतं, हे अभ्यासकांचं म्हणणं त्यात ठळक छापलं होतं. शाळेशी पोचतो तर आतून फटके आणि “मेले गं आई!” मी दार ढकललं.

गुरुजी कडब्याच्या कुट्टीचं पोतं झोडपत होते. शेजारी हौसा नावाची पोर हसत हसत किंचाळत होती. सगळा वर्ग तोंड दाबून सामील.

“दार लावा आधी!” गुरुजी कुजबुजले. “हिचा बाप पारावर बसलाय. छडी ऐकू आली नाही, की म्हणतो मास्तर शिकवत न्हाई, पोरगी शेळ्यांमागं धाडतो.”

मला हसू आलं, पण राग गेला नाही. गुरुजींना दंडाला धरून खिडकीशी नेलं. बाहेर शाळेत न जाणारी चिल्लीपिल्ली शाळा-शाळा खेळत होती. हौसाचा धाकटा भाऊ मास्तर झाला होता. तुरकाठीने दुसऱ्याच्या पोटऱ्या झोडत होता, “शिकतो का न्हाई? शिकतो का न्हाई?” त्या पोराचं रडणं खरं होतं.

“तुमचा मार खोटा, गुरुजी. धडा मात्र हा जातोय.”

“फार तोंडाळ आहात,” ते म्हणाले. मग पोतं खांद्यावर घेऊन थेट पारावर. बापापुढे टाकलं.

“तुमच्या पोरीचा मार ह्यानं खाल्ला. तिला मी बोट लावलेलं नाही.”

पार हसला. बाप नाही. “आमाला येड्यात काढलं व्हय? उद्यापास्नं साळा बंद तिची.”

“आधी पाढा तर ऐका.” गुरुजींनी मागोमाग आलेल्या हौसाला पुढे केलं.

हौसाने एकोणतीसचा पाढा घडाघडा म्हटला. बाप पोत्याकडे बघत राहिला.

“मास्तर, आमी लई मार खाल्ला. पाढा काय आला न्हाई.” मग एकदम उसळला, “पर अशा दुस्काळात कडबा झोडत हुता? जनावरं उपाशी हायेत!”

पोतं त्याने घरी नेलं. पोरगी शाळेतच राहिली.

पुढे गुरुजींची बदली झाली. एसटीच्या खिडकीत ते टोपीने डोळे पुसत होते. गाडी हलली, तशी हौसा मागे धावली.

“गुरुजी, ओरडा, पन रडू नका!”

आणि गाडीतून खरंच मोठ्याने आरोळी आली, “मेलो गं आई!”