पळीला कान लावणारा माणूस

माझ्या मैत्रिणीच्या वडिलांना त्यांच्या गल्लीत सगळे डॉक्टर म्हणतात. ते लिफ्ट दुरुस्त करतात.

हे नाव कसं पडलं ते मी पहिल्याच दिवशी पाहिलं. शरदातली आठ दिवसांची सुट्टी लागली होती. मैत्रीण शाळेत शिकवते, मी छापखान्यात मुद्रितं तपासते. साहित्याच्या वर्गात आम्ही दोघी एका बाकावर बसायचो. या सुट्टीत तिने हट्टच धरला, की आमच्याकडे राहायला ये, 'लाल' करायला हात कमी पडतात. मी पिशवी घेऊन पोचले तेव्हा त्यांच्या इमारतीची लिफ्ट अडखळत होती आणि काका गच्चीवर मोटारीच्या खोलीत होते. मैत्रीण मला थेट तिथेच घेऊन गेली.

काकांनी हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालत्या मोटारीला टेकवलं होतं. त्याची मूठ कानाला लावली होती. डोळे मिटलेले. आम्ही दोघी दारात उभ्या राहिलो. मिनिटभराने ते म्हणाले, डावीकडचं बेअरिंग. मोटार खोलली. डावीकडचंच होतं.

मी थक्क झाले. पुढचे आठ दिवस मी बहुतेक थक्कच होते.

'लाल' म्हणजे टोमॅटो आणि सफरचंदांची चटणी. कांदा, आलं, मिरची, साखर, मीठ, व्हिनेगर, आणि मंद आचेवर पाच तास. वर्षातून एकदाच, याच सुट्टीत करायची. पंचवीस-तीस बरण्या भरायच्या. कृती कुठेही लिहिलेली नाही. प्रत्येकाचं काम ठरलेलं. काकू टोमॅटो सोलतात. दादा, म्हणजे मैत्रिणीचा थोरला भाऊ, बस चालवतो. तो कांदे चिरतो, कारण त्याच्या मते वर्षाचं रडणं एकदाच उरकून घ्यावं. मैत्रीण बरण्या उकळते. आणि काका चव ठरवतात. नियम एकच, काकांच्या आधी कुणी चाखायचं नाही. शेवटी ते लाकडी पळीने चाखतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, उतरवा. तो शब्द आल्याशिवाय पातेलं उतरत नाही.

हा नियम एका माणसाला मान्य नव्हता. काकांची थोरली बहीण, आत्या. इस्पितळात पस्तीस वर्षं परिचारिका होत्या, निवृत्त झाल्या तरी आवाज ड्यूटीवरचाच. पळी थोरलीच्या हातात असावी, असं त्यांचं तीस वर्षांचं म्हणणं. दर सुट्टीला त्या स्वतःची सुरी आणि स्वतःचा एप्रन घेऊन येत. काकांना साठी जवळ आली तरी त्या 'छोट्या' म्हणत.

आत्या यायच्या आदल्या दिवशी काका मला बाजारात घेऊन गेले. ते सफरचंद उचलायचे, कानाशी नेऊन हलवायचे, आणि पिशवीत टाकायचे किंवा परत ठेवायचे. आत बिया वाजल्या की फळ पिकलं, म्हणाले. फळवालीने विचारलं, डॉक्टर, पूर्वी तुम्ही वास घ्यायचात, आता फळं बोलायला लागली का? काका हसले. जरा जास्तच हसले.

दुपारी सगळे आडवे झाले. मी पाणी प्यायला उठले. स्वयंपाकघरात काका एकटेच होते. छोट्या पातेल्यात काहीतरी रटरटत होतं. त्यांनी लाकडी पळीचं एक टोक पातेल्याच्या तळाला टेकवलं होतं. दुसरं टोक कानाला.

त्यांनी मला पाहिलं. पळी खाली घेतली नाही. बोटाने थांब म्हणाले, थोडं ऐकलं, मग गॅस बंद केला.

"कुणाला बोलू नकोस," ते म्हणाले. "मार्चपासून मला वास येत नाही. तापानंतर गेला तो गेलाच. आणि वासाबरोबर जिभेची चवही गेली. जेवतो, पण कसं? शेजारच्या घरात रेडिओ लागलाय आणि आपण भिंतीला कान लावलाय, तसं."

घरात माहीत नाही का, मी विचारलं.

नव्हतं, त्यांच्या मते. काकूंना सांगितलं की त्या डॉक्टरांकडे नेणार, खऱ्या डॉक्टरांकडे. तिथे ते गुपचूप जाऊन आलेच होते. वाट पाहा, डॉक्टर म्हणाले होते. आणि ताईला कळलं की पळी गेली. पळी गेली तर सुट्टीत हा माणूस नुसता बरण्या पुसत बसणार. हे ते हसत म्हणाले, पण मग बराच वेळ पळी पुसत राहिले. दाटपणा त्यांना ऐकू येत होता. पातळ असताना चटणी फुटफुटते, दाट झाली की धापा टाकते. पण मीठ काही आवाज करत नाही.

"तू माझी जीभ हो," ते म्हणाले. "उद्या मी तुला ढवळायला देईन. कुणी नसताना चाखायचं. मीठ कमी असेल तर चष्मा काढ. बरोबर असेल तर राहू दे."

मी हो म्हटलं. चष्म्याशिवाय मला हातभर अंतरावरचंही दिसत नाही, हे सांगायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या आल्या. आल्या आल्या त्यांनी चुलीपाशी उभं राहून पळीकडे पाहिलं आणि काकांना म्हणाल्या, की छोट्या, दमला असशील तर सांग, मी काही परकी नाही. काका म्हणाले, ताई, तू बस, चहा घे. आत्या बसल्या नाहीत.

दहा वाजता मोठं पातेलं चढलं. दोन्ही बाजूंना कड्या, आत माझ्यासारखी एक मुलगी सहज बसेल एवढं. दादा कांद्यापुढे अश्रू ढाळत होता आणि रस्त्यात आडवे येणाऱ्या सगळ्यांची आठवण काढत होता. काकू टोमॅटो असे सोलत होत्या की साल अखंड एका गुंडाळीत निघत होती. काकांनी अंदाजाने मीठ घातलं आणि पळी माझ्या हातात दिली.

पहिल्यांदा चाखलं तेव्हा मीठ खरंच कमी होतं. मी चष्मा काढला. काकांनी चमचाभर घातलं.

मग वाफ वाढली. माझ्या चष्म्यावर धुकं बसलं. मी तो काढून पुसला. परत घातला तेव्हा काका मिठाच्या बरणीचं झाकण लावत होते. मी मान हलवून नाही-नाही म्हटलं. त्यांना वाटलं मी आत्यांच्या एखाद्या गोष्टीला नकार देतेय. तेवढ्यात मैत्रिणीने मला बरण्या मोजायला बोलावलं.

दुपारभर हे असंच चाललं. कुणी ना कुणी काकांना बाहेर पाठवायचं. आत्यांनी त्यांना रद्दीतला जाड कागद आणायला पाठवलं. दादाने बसच्या आरशाबद्दल काही विचारायला गॅलरीत नेलं. काकूंनी तर शेजारी कुणाचं तरी दार वाजतंय का ते पाहून यायला सांगितलं. दर वेळी दुसरा कुणीतरी पातेल्यापाशी एकटा उरायचा. मला वाटलं, मोठ्या घरात असंच चालत असेल. मी दोन माणसांच्या घरात वाढले.

तीन वाजता चटणी धापा टाकायला लागली. काका जवळ जाऊन उभे राहिले, कान तिरका करून. पळी कानाला लावली नाही, सगळे होते ना. मग त्यांनी पळी बुडवली, फुंकर घातली, चाखली. डोळे मिटले.

मी चष्मा दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होते.

"उतरवा," ते म्हणाले.

दादाने पातेलं उतरवलं. काकूंनी पाव कापला. प्रत्येकाला एकेक तुकडा, वर चमचाभर लाल. सगळ्यांनी एकदमच तोंडात टाकला.

समुद्र. दुसरा शब्द नाही.

दादा चावत राहिला, खिडकीबाहेर बघत. मैत्रिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. काकू म्हणाल्या, छान झालीय. आत्या म्हणाल्या, रंग चांगला आलाय. आत्यांनी काकांचं कौतुक केलेलं त्या घरात कुणाला आठवत नव्हतं. काकांनी एकेकाचं तोंड पाहिलं. मग त्यांनी पळी ओट्यावर ठेवली. आवाज न करता.

"खारट आहे ना?" ते म्हणाले. "सांगा की. मला कळत नाही. मार्चपासून कळत नाही."

मला वाटलं, आता आकाश कोसळणार. पण कुणी दचकलंसुद्धा नाही. काकूंनी हातातला पाव खाली ठेवला.

"अहो, माहितीय," त्या म्हणाल्या. "एप्रिलमध्ये तुम्ही नासलेलं दूध घातलेला चहा प्यायलात आणि वर म्हणालात, आज मस्त झालाय."

मग सगळं बाहेर आलं. परवा सकाळी पाव जळून कोळसा झाला होता आणि काका दोन हातांवर पेपर वाचत बसले होते. काकूंनी काही न बोलता काळं खरवडून दिलं होतं. ती त्यांची शांत वृत्ती, असं मला वाटलं होतं. दादाला मे महिन्यात कळलं, घरात वायर जळाल्याचा वास सुटला आणि वडिलांनी मानही वर केली नाही तेव्हा. त्याने बहिणीला सांगितलं. आणि आत्यांना? आत्यांना फोनवर कळलं. छोट्या जेवणाला नावं ठेवेनासा झाला, तेव्हाच त्यांनी ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

सहा महिने सगळ्यांना माहीत होतं. सहा महिने सगळे, त्यांना वाईट वाटू नये म्हणून, गप्प होते.

काकांनी हळूच विचारलं, "मीठ कुणी घातलं?"

एक चमचा, काकू म्हणाल्या, त्यांना चव कळत नाही म्हणून कमीच घातलं असेल असं वाटलं. एक मीही, दादा म्हणाला. मैत्रिणीने दीड घातला होता. आत्यांनी घसा साफ केला आणि दोन म्हणाल्या. मग सगळे माझ्याकडे वळले. मी चष्मा काढून पुसायला लागले.

"घाल तो आधी," काका म्हणाले. "नाहीतर मी परत बरणी उघडीन."

पहिल्यांदा हसल्या त्या आत्या. एवढ्या मोठ्याने, की खालच्या मजल्यावरच्या बाई काय झालं म्हणून विचारायला आल्या.

आता प्रश्न पातेल्याचा होता. फेकून द्यायला आत्या तयार नव्हत्या. त्यांनी एप्रनची गाठ पुन्हा आवळली. तीव्र औषध पातळ करतात तसं करायचं, आहे तेवढीच आणखी टोमॅटो-सफरचंदं, बिनमिठाची, आणि सगळं एकत्र. दादा आणि मैत्रीण बाजार बंद व्हायच्या आत चार पेट्या घेऊन आले. खालच्या बाईंचं पातेलं आलं, समोरच्यांचं आलं. शेजारचे लोक बसून सफरचंदं चिरायला लागले. मला सुरी दिली गेली आणि पाच मिनिटांनी काढून घेतली गेली.

तीन शेगड्यांवर तीन पातेली चढली. तेव्हा आत्यांनी ओट्यावरची पळी उचलली. मी काकांकडे पाहिलं. ते सालींची बादली बाहेर ठेवायला निघाले होते.

"कुठे चाललास?" आत्या म्हणाल्या. "तीन-तीन पातेली मी कशी बघू? खाली लागायला लागलं तर मला वास येईल, पण तेव्हा उशीर झालेला असेल. तुला आधी ऐकू येतं ना?" त्यांनी पळी त्यांच्यापुढे धरली. "तुझी ती मोटारीची युक्ती कर. आम्हाला काय माहीत नाही होय?"

काकांनी बादली ठेवली.

साऱ्या घरासमोर पळी कानाला लावून ते एकेका पातेल्यापाशी गेले. कुणीतरी बोलायला लागलं की आत्या श्श करायच्या, वॉर्डात करत असतील तसं. मधलं मंद करा, ते म्हणाले. कडेचं ढवळा, तळाशी काहीतरी बसतंय. दादाने ढवळलं. एक फोड तळाला चिकटली होती, नुकती.

रात्री सगळं एकत्र केलं. काकांनी पळी बुडवली, चाखली, आणि या वेळी डोळे मिटले नाहीत. माझ्याकडे वळले. तू साहित्य शिकलीस, म्हणाले, सांग, कशी लागते?

मी चाखली. पाच वर्षं मी पुस्तकं वाचली आहेत. मी म्हटलं, उतरत्या उन्हासारखी.

"म्हणजे मीठ आहे की नाही?" काकांनी विचारलं.

काकूंनी माझ्या हातातून चमचा घेतला. "गेल्या वर्षीसारखी," त्या म्हणाल्या. "आलं किंचित पुढे. मिरची शेवटी येते, घशाशी. तुम्हाला आवडली असती."

काकांनी बराच वेळ ते मनात घोळवलं. मग आत्यांकडे पाहिलं. आत्यांनी मान डोलावली.

"उतरवा," ते म्हणाले.

एकसष्ट बरण्या भरल्या. टेबल भरलं, खिडकी भरली, मैत्रिणीचं पुस्तकांचं कपाट रिकामं करावं लागलं. सगळे बाहेरच्या खोलीत पाय पसरून बसले. आत बरण्या थंड होत होत्या. थंड होताना झाकण आत ओढलं जातं आणि टक वाजतं. वाजलं की बरणी नीट बंद झाली. दादा गाडीच्या गमती सांगत होता, आत्या त्याला तोंडावर खोटारडा म्हणत होत्या, दोन शेजारी एकदम बोलत होते. काका भिंतीला टेकून डोळे मिटून पडले होते. मला वाटलं झोपले.

"साठ," ते एकदम म्हणाले. "एक राहिली."

आत्यांचा विश्वास बसेना. त्या उठल्या आणि एकेक झाकण अंगठ्याने दाबत सगळ्या बरण्या तपासल्या. कपाटाच्या खालच्या फळीवर मागच्या रांगेतली एक बरणी निघाली. झाकण दाबलं की डुगडुगत होतं.

ती बरणी टिकणार नव्हती, लगेच संपवायला हवी होती. आत्यांनी ती उघडली आणि पावाबरोबर पहिला चमचा काकांच्या ताटात वाढला. त्यांनी खाल्ला. कशी आहे, कुणी विचारलं नाही.

"दाट झालीय," ते म्हणाले, आणि आणखी मागितली.