साठ अंशांचे सर

आमच्या आकुर्डीच्या बिल्डिंगमधल्या वरच्या मजल्यावरच्या सरांइतका उन्हावर जीव टाकणारा माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये सापडायचा नाही. मे महिन्यात आम्ही पंख्याखाली पाय पसरून पडलेलो असायचो, तेव्हा हे स्वेटर घालून गच्चीवर. चहा असा उकळता प्यायचे, की बघणाऱ्याची जीभ पोळावी. जन्मभर कॉलेजात जंतू शिकवले आणि रिटायर झाल्यावर माझ्या मागे लागले, कारण चाकणच्या आमच्या कंपनीत पार्ट धुवायची गरम पाण्याची टाकी होती. तिच्या तळाचा बुळबुळीत गाळ मी बाटलीतून आणून दिला, तर सर लॉटरी लागल्यासारखे हरखले! पुढे ती टाकी भंगारात गेली. तिच्यातले जंतू उरले ते फक्त सरांकडे, बल्ब लावलेल्या पेटीत, साठ अंशांवर.

असल्या जंतूंचं वर्गीकरण माझ्या डोक्यात घालायचा सरांनी चंगच बांधला. साठ अंशांत सुखी ते एका गटात, ऐंशीच्या पुढचे दुसऱ्यात. आणि उकळत्या पाण्यात नांदणारे त्यातले बरेचसे म्हणे बॅक्टेरियाच नव्हेत, वेगळंच घराणं!

"पण दिसतात तर तसेच ना, सर?"

"दिसण्यावर जाऊ नकोस."

बरं, एखादं नाव जरा कुठं पाठ व्हावं, तर म्हणायचे, "ते बदललं. त्याला आता नव्या कुळात घातलंय." दत्तक घेतानासुद्धा एवढी उलथापालथ होत नाही, राव! माणसांनाही तेच माप. सोसायटीचे सेक्रेटरी तीस अंशांचे, "जरा तापवला की खलास." माझा गट मात्र त्यांना कधी ठरवता आला नाही.

एकदा सर लग्नाला गावी गेले आणि पेटी माझ्यावर सोपवली. दुसऱ्याच दिवशी बल्ब गेला. भर उन्हाळा, नासायला नको, म्हणून मी शहाण्यानं बाटली फ्रिजमध्ये विरजणाशेजारी ठेवली. सर परत आले, फ्रिज बघितला आणि मटकन खालीच बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मेले का हो, सर?"

त्यांनी बाटली स्वेटरच्या आत, पोटाशी धरली. "सहजी मरत नाहीत रे ते. थंडीत थांबतात नुसते."

नवा बल्ब लावून बाटली पेटीत ठेवली आणि तिसऱ्या दिवशी पाणी पुन्हा गढूळ झालं. सर जिन्यातूनच ओरडत आले, "वाढतायत!" डोळे भरलेले.

गेल्या वर्षी मुलगी त्यांना परदेशात, बर्फाच्या गावी घेऊन गेली. पेटी माझ्याकडे आहे. दर रविवारी फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला, "पाणी गढूळ आहे ना?" गढूळ असतं. त्या जंतूंचं कूळ कुठलं, ते मला अजून सांगता येत नाही.

परवा मीच विचारलं, "तुम्ही कसे आहात, सर?"

म्हणाले, "थांबलोय रे."

फोन ठेवला आणि पेटीतला बल्ब बदलला. चांगला होता, तरी बदलला.