दहा सीसी डिझेल जळायला लागणारा वेळ

विरार पूर्वेला, मनवेलपाड्याच्या पुढे, मी ज्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते तिथल्या प्रयोगशाळेत एक सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे. मी रुजू झाले तेव्हा ते बंद होतं. किती वर्षांपासून, हे कुणालाच नक्की सांगता आलं नाही. तरी दरवर्षी त्याच्यावर एक प्रयोग होत असे, म्हणजे जर्नलमध्ये होत असे. इंजिनावरचा भार टप्प्याटप्प्याने वाढवायचा आणि दर टप्प्याला दहा सीसी डिझेल जळायला किती सेकंद लागतात ते लिहायचं. हे सेकंद विद्यार्थी वरच्या वर्गाच्या जर्नलमधून उतरवून घेत. शिक्षक सही करत.

मी त्या सत्रात दोन गोष्टी जाहीर केल्या. इंजिन आपण स्वतः खोलून चालू करायचं. आणि डोळ्यांनी पाहिलं नाही ते जर्नलमध्ये लिहायचं नाही.

लॅब असिस्टंट निवृत्तीला आलेला होता. तो म्हणाला, "मॅडम, इंजिन इतकी वर्षं नीट बंद आहे. कशाला त्याला त्रास?"

वीस जणांची बॅच होती. बहुतेकांनी तोवर पाना हातात धरलेला नव्हता. पहिल्या आठवड्यात बोल्ट उलटे फिरवले गेले, एकाचं नख काळं झालं. दुसऱ्या आठवड्यात बोळिंजहून येणारा एक मुलगा पिस्टन दोन्ही हातांत धरून बराच वेळ नुसता बघत राहिला. मी त्यांना सांगितलं होतं, प्रत्येक भाग रॉकेलमध्ये धुऊन, पुसून ठेवा. त्यांनी तसंच केलं.

जोडल्यावर इंजिन चालू झालं नाही. हँडल मारून मारून मुलं थकली. आम्ही इंधनाच्या नळीतली हवा काढली, डिझेल आत फवारणारा नोझल पुन्हा साफ केला. धूर आला, ठोका आला नाही. असे तीन आठवडे गेले.

बॅचमध्ये अर्नाळ्याची एक मुलगी होती. तिचा हा एकच विषय राहिला होता, बाकी सगळे सुटले होते. बोईसरच्या एका कारखान्यात तिला जागा मिळाली होती, निकाल दाखवण्याच्या अटीवर. जर्नल पूर्ण असल्याची सही नसेल तर तोंडी परीक्षेला बसता येत नाही. या खेपेला राहिली असती तर जागा गेली असती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी जर्नलं गोळा केली. एकोणीस जणांचे तक्ते भरलेले होते. मोबाइलवरून एकच पान सगळ्यांकडे फिरलं होतं. तिचा तक्ता कोरा होता.

"तू का नाही लिहिलंस?"

"तुम्हीच बोललात ना मॅडम, बघितल्याशिवाय लिहायचं नाही."

मग ती म्हणाली, "पप्पांना बोलवू? ते बोटीवर इंजिनच बघतात."

तिचे वडील दुपारी अर्नाळ्याच्या बसने हत्यारांची पिशवी घेऊन आले. त्यांनी इंजिनाभोवती एक फेरी मारली, इंधनाच्या पंपाखाली बोट घातलं आणि माझ्याकडे बघितलं.

"मास्तरीनबाई, पंपाखालचे पातल पत्रे कुनी काढले?"

कुणालाच पत्रे आठवेनात. मग जूचंद्रचा एक मुलगा हळूच म्हणाला, "ते काळं कागदासारखं चिकटलेलं होतं ते? ते मी घासून काढून टाकलं. मला वाटलं मळ आहे."

डिझेल कोणत्या क्षणी आत जाणार हे त्या पत्र्यांच्या जाडीवर ठरतं. हे मी फळ्यावर शिकवलं होतं. इंजिनात ते पत्रे कसे दिसतात हे मी स्वतः कधी पाहिलेलं नव्हतं.

"आमच्यात बोटीवर पंप खोलला की आधी ते पत्रे ओठांत धरतात," ते म्हणाले. "हरवू नये म्हनून. आनि तोंड बंद राहतं, तो फायदा येगलाच."

मुलं हसली. तिच्या वडिलांनी थंड पेयाचा रिकामा डबा मागवला, कात्रीने पत्रे कापले आणि खरोखर ओठांत धरले. "बाय, पाना दे," एवढंच ते मुलीला अधूनमधून म्हणत.

साडेचारला इंजिन चालू झालं. सगळे ओरडले. मुलगी स्टॉपवॉच घेऊन डिझेलच्या मोजनळीसमोर उभी राहिली. अकराव्या सेकंदाला इंजिन बंद पडलं. पुन्हा लागलंच नाही. वडिलांनी नोझल काढून बघितला आणि मान हलवली. "हा गेला. नवा लागंल. आज नाय व्हनार."

पाच वाजता विभागप्रमुख दारात आले. "उद्या दहाला परीक्षक येताहेत. कोरं जर्नल माझ्याकडे येणार नाही. तुम्ही ठरवा."

मी तिला बाकावर बसवलं. जुन्या जर्नलमधले आकडे मी घेतले नाहीत. खऱ्यासारखे दिसावेत म्हणून मनात हिशेब केला आणि सांगितलं, "लिही. बासष्ट. एक्कावन्न. त्रेचाळीस. छत्तीस."

तिने पेन उचललं नाही. "आपण अकराच सेकंद बघितलं, मॅडम."

"लिही."

वडील पिशवीत हत्यारं भरत होते. त्यांनी वर बघितलं नाही. तिने चारही आकडे लिहिले, मी खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी तिचा तक्ता बघितला, "रीडिंग चांगली आहेत," म्हणाले आणि दोन प्रश्न विचारले. ती पास झाली, बोईसरला रुजू झाली. तिचा त्यानंतर फोन आला नाही, मीही केला नाही.

नवा नोझल अजून आलेला नाही. पुढच्या वर्षीच्या बॅचची जर्नलं माझ्या टेबलावर आली तेव्हा मी प्रयोगाचं पान उघडलं. बासष्ट, एक्कावन्न, त्रेचाळीस, छत्तीस. दुसरं उघडलं, त्यातही तेच. मी वीसही जर्नलं उघडली. मग पहिल्यापासून सह्या करायला घेतल्या.