घरात कोणी नाही

आमच्या ह्यांना माझ्या दोन शब्दांची लाज वाटायची. 'हाय' आणि 'न्हाय'. मी भाईंदरच्या पलीकडच्या कोळीवाड्यातली, हे घाटावरचे, ऑफिसात साहेब. लग्नानंतर बेव्हर्ली पार्कात राहायला आलो. शेजारीपाजारी सगळे हिंदी-गुजराती बोलणारे, त्यांना माझ्या 'न्हाय'शी काय घेणंदेणं? पण हे लिफ्टमध्येसुद्धा कोपर मारायचे. "नाही म्हण, नाही." शिकले बाई. इतकी शिकले की माहेरी भावजया चिडवायच्या, "आली बग मडम!"

हे रिटायर झाल्यानंतरची गोष्ट. पाण्याच्या फिल्टरवाल्याचा फोन आला. हे बँकेत निघालेले, फोन स्पीकरवर. "अभी मत आना," हे म्हणाले, "मैं बाहर जा रहा हूँ. घर में कोई नहीं है." मी समोर पोह्यांची प्लेट घेऊन उभी. एका हाताच्या अंतरावर!

"मग मी कोण?"

"अगं, बोलायची पद्धत असते ती. तुला त्या फिल्टरमधलं काय कळतंय?"

मेला तो फिल्टर! दर रविवारी त्याचं झाकण काढून धुतं कोण? पोहे समोर ठेवले. खाऊन झाल्यावर मीठ कमी आहे म्हणाले आणि गेले.

त्या दिवसापासून मी कान देऊन ऐकायला लागले. कुरियरवाला, गॅसवाला, सोसायटीचा सेक्रेटरी, सगळ्यांना तेच. घरात कोणी नाही. एकदा, अहो एकदाच, "मिसेस आहेत घरी, या" असं म्हणा ना! एवढंच हवं होतं मला. तेही मनातल्या मनात. तोंडाने मागून मिळालं असतं तर त्यात काय राम?

गेल्या महिन्यात ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मोबाइल बघायचा नाही, वाकायचं नाही, डोळ्यांत थेंब मी घालायचे. ऑफिसातला एक जुना मित्र भेटायला येणार होता. हल्ली कोणी फिरकत नाही, त्यामुळे ह्यांना केवढं कौतुक! सकाळीच इस्त्रीचा शर्ट मागून घेतला, काळा चष्मा लावून हॉलमध्ये बसले. मला म्हणाले, "चहा नीट कर. आणि तो आला की मध्येमध्ये बोलू नकोस." हे मात्र झोंबलं मला.

फोन वाजला. ह्यांचाच, पण माझ्या हातात. मित्र म्हणाला, "वहिनी, स्टेशनवरून रिक्षा करतोय. आहात ना घरी?"

मी ह्यांच्याकडे बघत म्हटलं, "न्हाय. कोन न्हाय घरान." आणि फोन ठेवून दिला.

कुठून तोंडात आलं देव जाणे. वाटलं, आता हे उसळतील, म्हणतील, "मी बसलोय ना इथे? मग मी कोण?" विचारा ना! त्यासाठीच तर म्हटलं होतं. मग सगळं सांगितलं असतं, त्या पोह्यांच्या प्लेटपासून.

ह्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"न्हाय काय, न्हाय? किती वेळा सांगायचं तुला? नाही म्हण."

"नाही," मी म्हटलं. "घरात कोणी नाही."